सौ., सत्तर किलो

३ मार्च, रविवार, सकाळी ९.४०
तळ्यावरून परत. एकटाच.
दोन जुन्या सायकली घेऊन महिना झाला. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि दोघांचं बोलणं दूध आणि गॅस सिलिंडर यांवर येऊन ठेपलंय. म्हणून ठरवलं होतं की दर रविवारी मी आणि ही, दोघांनी तळ्यापर्यंत जायचं. अकरा किलोमीटर. तिथे टपरीवर चहा, मग परत. ही तीनदा आली. आज म्हणाली, तुम्ही जाऊन या.
कारण विचारलं नाही. गरजच नव्हती. खुर्च्यांच्या कारखान्यात मी बावीस वर्षं तपासनीस आहे. बसलेला माणूस का उठतो, हे मला लांबून कळतं. सीट. दुसरं काय असणार? बाकी सगळं उत्तम चाललं होतं. जाता-येता मी तिला श्वास, गिअर, कोपरांचा कोन सगळं समजावत होतो आणि ती एक शब्दही न बोलता ऐकत होती.
टपरीवर सवयीने दोन चहा सांगितले. दोन्ही प्यायलो. पित्त झालंय.
संकल्प: बायकांसाठी सर्वांत आरामशीर सीट शोधणे. मुदत ७ एप्रिल. त्या रविवारी ही तळ्यावर माझ्या शेजारी बसून चहा पीत असेल.

५ मार्च, मंगळवार
सायकलच्या दुकानात गेलो. शी! बायकांसाठी सीट म्हणजे काय, तर गुलाबी रंग. एकीवर फुलपाखरू. बसणार त्याच्यावर, दिसणार कुणाला? दुकानदाराला हे विचारलं, तर म्हणतो, खपतात साहेब.
वर विचारतो, बाईंना आणलं नाही का? आता घ्या. आम्ही वर्षाला हजारो खुर्च्या पास करतो, गिऱ्हाइकाला कधी कारखान्यात बोलावून बसवलंय? डोकं फिरलं. सगळ्यांत रुंद जेलची सीट घेतली. घरी येऊन जुनी काढली. काळी, टणक, एका कोपऱ्यात फाटलेली. असल्या सीटवर माझी बायको महिनाभर बसली! माळ्यावर फेकून दिली.

१० मार्च, रविवार
ही नव्या सीटवर बसून फाटकापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, चांगली आहे. मग आंघोळीला गेली.
चांगली असती, तर तळ्यापर्यंत आली असती. म्हणून मीच तिची सायकल घेऊन निघालो. थंडगार मळलेल्या कणकेवर बसल्यासारखं वाटत होतं. मांड्या सोलून निघाल्या. घरी येऊन सीट ब्लेडने कापली, आत काय आहे ते बघायला. आत निळसर, चिकट, बुळबुळीत काहीतरी. बोटांना लागलं, तिथून चष्म्याला, तिथून जेवणाच्या टेबलाला. साबणाने जाईना. ही दारात उभी राहून बघत होती. तीही हादरली असणार.

१४ मार्च, गुरुवार
आठवड्यात दोन सीटा बाद.
पहिली स्प्रिंगची. प्रत्येक खड्ड्यात खाट मोडल्यासारखा आवाज करते. दुसरीला मधोमध भोक. ते कशासाठी, हे दुकानदाराने तीन गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने, हातवारे करून समजावलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पिशवीत घालून आणली आणि टेबलावर ठेवली. ही म्हणाली, जेवणाच्या टेबलावर नको. बरोबर आहे तिचं.
आणखी एक वैताग. सीटखालचा बोल्ट ढिला सापडला. मंगळवारी संध्याकाळीही ढिला होता. मी स्वतः आवळला होता. हल्ली बोल्टसुद्धा धड मिळत नाहीत. आणि माझा तेरा नंबरचा पाना कुठेच सापडत नाहीये.

१६ मार्च, शनिवार
शास्त्रीय पद्धत मिळाली. बसताना टेकतात त्या दोन हाडांमधलं अंतर मोजायचं. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्यावर बसायचं, पुठ्ठ्यात दोन खळगे पडतात, पट्टी लावायची. झालं.
ही पोस्टातून आली, तेव्हा स्टुलावर पुठ्ठा मांडून तयार होतो. दिवसभर खिडकीवर लोकांची पार्सलं घेऊन ही दमलेली. तिने पुठ्ठ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. स्वयंपाकघरात गेली.
मग जेवताना तिच्या खुर्चीच्या गादीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला. साडेसोळा सेंटिमीटर! तिला पत्ताही लागला नाही. बावीस वर्षांचा अनुभव उगाच नाही.

१९ मार्च, मंगळवार
आमच्या कारखान्यात खुर्ची तपासायला वाळूचं पोतं आहे, ऐंशी किलोचं. त्याला सगळे 'साहेब' म्हणतात. साहेबांना दोरीने उचलायचं, खुर्चीवर सोडायचं, पाचशे वेळा. मोडली नाही, तर खुर्ची पास. सीटलाही हेच लावायचं ठरवलं.
पण वजन बायकोचं हवं. काल हिला विचारलं. तिने विचारलं, कशाला? म्हटलं, पोतं भरायचंय. त्यानंतर आजपर्यंत बोललेली नाही. अंदाजाने सत्तर भरलं आणि वर खडूने लिहिलं: सौ., ७० किलो.
शिलाई विभागातल्या बाईंनी ते वाचलं. मला विचारलं, सौ.ना नक्की कुठे दुखतं ते विचारलंत का? मी त्यांना समजावलं की दुखतं का, असं विचारून आजवर एकही खुर्ची पास झालेली नाही. बाईंनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, पोतं बरं, उलटून बोलत नाही.
शहाणी बाई. पद्धत चटकन समजली.

२४ मार्च, रविवार
पुन्हा एकटाच तळ्यावर. ही म्हणाली, कपडे वाळत घालायचेत.
टपरीवाला म्हणाला, वहिनी गुरुवारी येऊन गेल्या की. त्याला सांगितलं, गुरुवारी वहिनी घरी असतात, दहापर्यंत. तो म्हणाला, बरं. बिचाऱ्याची नजर गेलीय. चहातही साखर जास्त होती.
आज एकच चहा सांगितला. समोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं एका बशीतून पीत होतं. बघवेना. लवकर निघालो.

२७ मार्च, बुधवार
सौ.ची चाचणी पूर्ण. चार सीटा (दोन नव्याने आणलेल्या), प्रत्येकीवर पाचशे वेळा पोतं. पोत्याची एकही तक्रार नाही. फक्त स्प्रिंगची सीट तीनशे बाराव्या वेळीच मोडली. तिची लायकीच ती होती.
निष्कर्ष: बाजारात मिळणारी प्रत्येक सीट ही बायकांशी केलेली फसवणूक आहे. किळस आली या धंद्याची. आता मीच बनवणार. साडेसोळाच्या मापाने फोम कापणार, वरचं कापड शिलाईच्या बाईंकडून.
हिच्या सायकलच्या टायरला चिखल होता. आठवडाभर सायकल जागची हललेली नाही आणि चिखल! वरच्या मजल्यावरचे कुंड्यांना पाणी घालताना काही बघत नाहीत. बोल्ट पुन्हा ढिला.

१ एप्रिल, सोमवार
सीट तयार. इतकी देखणी वस्तू माझ्या हातून झाली नव्हती. गडद हिरवं कापड, दुहेरी शिलाई. शिलाईच्या बाईंनी पुन्हा विचारलं, सौ.ना दाखवली का? दाखवायची कशाला? बसल्यावर कळेलच.
बेत: गुरुवारी सकाळी नेहमीप्रमाणे सहाला निघायचं, पण कारखान्याच्या बसमध्ये बसायचं नाही. रजा टाकली आहे. ही जागी व्हायच्या आत परत येऊन सीट बसवायची. मग तिला हाक मारायची.

४ एप्रिल, गुरुवार, दुपारी २
पावणेसातला परत आलो. घराला कुलूप. हिची सायकल जागेवर नाही. भिंतीजवळ भोकाची सीट उलटी ठेवलेली, तिचे बोल्ट वाटीत नीट काढून ठेवलेले.
चोर असा नसतो.
हिरवी सीट पिशवीत घालून तळ्याकडे निघालो. तसा विशेष विचार करून नाही. टपरीसमोर दोन सायकली. एक माझ्या धाकट्या बहिणीची. दुसऱ्या सायकलवर ती काळी, टणक सीट, फाटलेल्या कोपऱ्याला पोस्टातली पार्सलची चिकटपट्टी लावलेली. बाकावर ही आणि धाकटी, हातात चहा. ही हसत होती. तोंडावर हात न ठेवता, मोठ्याने. हे हसणं मी घरात शेवटचं कधी ऐकलं, आठवत नाही.
मला बघून ही दचकली नाही. धाकटीने चहावाल्याला तिसरा कप सांगितला.
विचारलं, ही सीट टोचत नाही? म्हणाली, पहिल्या दिवसापासून नाही. दर मंगळवारी आणि गुरुवारी माळ्यावरून काढते, परत ठेवते. तेरा नंबरचा पाना तिच्या पर्समध्ये. मग माझ्याबरोबर का येत नाहीस? म्हणाली, अकरा किलोमीटर जाताना आणि अकरा येताना तुम्ही मला श्वास कसा घ्यायचा ते सांगता. एकावन्न वर्षं घेतेय मी श्वास.
मी म्हणालो, पण चढावर नाकाने घेतला तर फुप्फुसांना... धाकटीने घड्याळात बघितलं. हिला पोस्टात जायला उशीर होत होता.
मग मला आधी सांगितलं का नाहीस, असं मी ओरडूनच विचारलं. तोवर त्या वळणापर्यंत गेल्या होत्या. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पिशवी बाकावर विसरलो होतो, अर्ध्यातून परत जाऊन आणली.

५ एप्रिल, शुक्रवार
पोत्यातली वाळू रिकामी केली. खडू पुसला.
रात्री जेवताना ही म्हणाली, रविवारी यायचं असेल तर या. मागे राहायचं आणि बोलायचं नाही.
संकल्प: बोलणे नाही. एक शब्दही नाही.

७ एप्रिल, रविवार
मुदत संपली.
हिरवी सीट वाया जाऊ नये म्हणून माझ्याच सायकलला लावली होती. भयंकर. तिसऱ्या किलोमीटरला डोळ्यांसमोर काजवे. पाचव्याला पेडलवर उभा राहून चालवत होतो. शिलाई नेमकी नको तिथे येते. इतकी घाणेरडी सीट मी आयुष्यात पाहिलेली नाही आणि मी गुलाबी फुलपाखरू पाहिलंय. पण तोंडातून शब्द काढला नाही. बोलायचं नाही, असं ठरलं होतं.
सातव्याला ही थांबली. मागे वळून बघितलं आणि विचारलं, कुठे दुखतंय?
सांगितलं. तिने पर्समधून पाना काढला, सीटचं वर आलेलं पुढचं टोक दोन बोटं खाली केलं, बोल्ट आवळला. म्हणाली, बसा.
आता दुखत नाही.
पद्धत पूर्णपणे अशास्त्रीय आहे.