चहाने भूक मरते

सोमवार, ८ जानेवारी १९७९. सकाळी ७.
नाशिकरोड स्टेशनवरच्या मशीनवर वजन ब्याऐंशी किलो. तिकिटामागे भविष्य: गृहसौख्य लाभेल. मशीन वजनापुरतंच विश्वासाचं दिसतं.
लंका शनिवारी सायखेड्याला भावाकडे गेली. याला भांडण म्हणता येणार नाही. मी एवढंच म्हणालो की तुझ्या हातचं खाऊन मी असा सुटलो. ती म्हणाली, मग नका खाऊ. आणि पिशवी घेऊन स्टँडवर गेली.
एका परीने सोयीचं झालं. साप्ताहिकात वाचलंय, चहा-कॉफीने भूक मरते आणि अंगातली चरबी भराभर जळते. प्रयोगाला एकांत लागतोच. एकवीस दिवस, रोज आठ कप कोरा चहा, बिनसाखरेचा. तिला आणायला जाणार नाही.

गुरुवार, ११
आठ कप. भूक नाही. सवयीने दोन ताटं काढली. एक परत ठेवलं. मग दुसरंही ठेवलं.
छाती धडधडते. चरबी जळत असणार.
लंकाला कार्ड टाकलं: प्रकृती उत्तम. चहा घेतला की जेवणाची आठवणही होत नाही.

रविवार, १४
संक्रांत. शेजारच्या गोजराबाई तिळगूळ घेऊन आल्या. वहिनी दिसत नाहीत, म्हणाल्या. त्यांना प्रयोग समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, आमचे हे गेले तेव्हा मलाही महिनाभर भूक नव्हती, आणि मी तर चहाला शिवतसुद्धा नाही.
बाईंना शास्त्राची आवड नाही.

बुधवार, १७
अठ्ठ्याहत्तर. ऑफिसबाहेरच्या टपरीवर चिमाजीला सांगितलं. तो म्हणाला, साहेब, माझी गिऱ्हाईकं चहा पिऊन वर मिसळ मागतात. त्यांचा चहा साखरेचा, हे त्याच्या लक्षात येत नाही.
आजपासून दोन कप कॉफीही. झोप कमी झाली. वेळ वाचतो, पण वाचलेल्या वेळेचं काय करायचं ते साप्ताहिकात नाही.

शनिवार, २०
मेहुणा रंगनाथ आला. लंकाने बाजरीच्या भाकरी आणि ठेचा पाठवला होता. आधी दोघांनी चहा घेतला. मग त्याच्यासोबत बसून मी चार भाकरी खाल्ल्या. चहापावडर जुनी असावी.
जाताना म्हणाला, दाजी, ताई पिशवी भरून बसलीय. तुम्ही या अन् नुसतं चल म्हणा. लय काय बोलायचं नाय.
उद्या जाईन म्हणतो. निष्कर्ष दाखवायला.

रविवार, २१. संध्याकाळी ८.
सायखेड्याला जाऊन आलो. पिशवी खरंच दाराशी होती. लंकाने चहा दिला, साखर न घालता. मी वजनाची तिकिटं तारखेप्रमाणे तिच्यासमोर मांडली. चार किलो कमी. ती तिकिटांकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. एकदा 'चल' अगदी ओठांवर आलं होतं, पण कॉफीचा भाग सांगायचा राहिला होता. तो सांगितला.
तिने विचारलं, म्हणजे भूक लागतच नाही? मी म्हणालो, अजिबात नाही.
ती म्हणाली, मग मी तिथं येऊन करू काय.
उठली आणि पिशवी आत नेऊन ठेवली. चुलीवर भाकरी होती, वास बाहेरपर्यंत येत होता. जेवता का, असं कुणी विचारलं नाही. कार्डात मीच लिहिलं होतं. पाचची एसटी धरली.

सोमवार, २२
आज एकदाही चहा घेतला नाही. कॉफीही नाही.
तरी भूक नाही.