पॅचवरची गाडी

रविवार, संध्याकाळ

आमच्या बाइक क्लबमधला सुमित मूर्तिजापूरच्या रस्त्यावर अपघातात गेला. त्याच्या आठवणीत क्लबच्या सगळ्या जॅकेटांवर लावायच्या पॅचचं चित्र मी काढलं. त्याची गाडी, खाली त्याचं नाव. राजापेठेत भरतकामाला टाकण्याआधी आज त्याच्या आईला कागद दाखवला.

काकू बघतच राहिल्या. "गाडी काहून काढली रे? तिनंच तं नेलं त्याले."

हे मला आधी कसं सुचलं नाही? इतके दिवस त्या गाडीची चाकंच गिरवत बसलो होतो.

तिथंच खोडरबर मागितलं, गाडी पुसली. नुसतं नाव उरलं. पोरं चिडतील. चिडू देत.

काकूंनी नावावरून बोट फिरवलं. "तुमी सगळे हे लावसान?"

"हो, काकू."

"मंग हळू चालवसान, बाबू."

मी मान हलवली.