निवडुंगाचं कुंपण जळाल्यावर

अल्लाल, माझ्या धाकट्या,

पांढऱ्या किडीनं गावातली सगळी निवडुंगाची कुंपणं खाल्ली. आपलंही शेवटी जाळावं लागलं. तू ब्रसेल्सहून फोनवर म्हणालास, “लगेच काटेरी तार ओढून घे, नाहीतर तो शेजारचा जिलाली वीतभर तरी आत सरकेल.” मी हो म्हटलं.

पण तार यायच्या आधीच मी विहिरीपाशी घसरून पडले. हे तुला सांगितलं नव्हतं. पाय मोडला होता आणि हाक मारायलाही दम नव्हता. जिलाली त्याच्या शेतात बार्ली पेरत होता. कुंपण असतं तर त्याला मी दिसलेच नसते. तो धावत निघाला, पण ज्या हद्दीपायी तुम्ही दोघं कोर्टात भांडलात, तिथं येऊन क्षणभर थबकला. मग सरळ आत आला.

मला गाढवावर बसवताना म्हणाला, “ताई, भावाला कळव, जिलाली हद्दीत घुसला. साक्षीदार तूच!”

एवढ्या कळा येत होत्या, तरी मला हसू फुटलं.

तेव्हापासून त्याची बायको तामू रोज गरम भाकरी आणते आणि ओरडते, “खा गं, वाळून काडी झालीस!” एवढ्या वर्षांत घरात कुणी मला असं रागावलं नव्हतं.

काल कुंपणाची तार ओढणारा आला. चहा पाजून मी त्याला परत पाठवला.

तू चिडशील, म्हणून हे पत्र टाकणार नाही. उन्हाळ्यात येशील तेव्हा हद्द कुठून जात होती, एवढं मात्र विचारू नकोस. तिथं आता पायवाट पडली आहे.

तुझी थोरली,
महजूबा