पोटातली धडधड

४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पंधरा दिवस शिलाई बंदच आहे. कंबर धरलीय आणि संध्याकाळ झाली की कणकण येते. आमचे डॉक्टर म्हणाले, मशीनवर वाकून स्नायू आखडलाय. गोळ्या घेतल्या की ताप उतरतो, संपल्या की पुन्हा हजर. उताणा झोपलो की बेंबीपाशी धडधडतं. तुझी भावजय म्हणते, काळीज खाली घसरलंय! काळजी नको. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझा धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

ताप आणि पोटातली धडधड एकत्र, म्हणजे मला पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीची शंका येतेय. तुमचा फोन कुणी उचलत नाही, म्हणून हे ओळखीच्या बसचालकाच्या हाती पाठवतेय. तीस वर्षं नर्स म्हणून काढली, म्हणून सांगते: आजच मोठ्या रुग्णालयात जा. पोट कुणाला चोळू देऊ नकोस. नवी गोळी घेण्याआधी रक्त तपासायला दे, नाहीतर जंतू सापडायचे नाहीत. पोटाचा स्कॅन हवाच म्हणून हटून बस. हट्ट तुला शिकवायला नको.

तुझी ताई

१३ मार्च

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमची शंका खरी निघाली. हृदयाकडून पोटात उतरणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी लिंबाएवढी फुगलीय आणि तिच्या भिंतीत जंतू शिरलेत. रक्तातही तेच सापडले. सलाइनमधून औषध चालू आहे, पण फुगा कधीही फुटेल, म्हणून उद्या ऑपरेशन. सर्जनबाई तेवढा भाग कापून ह्यांच्याच मांडीतली शीर तिथे जोडणार. कृत्रिम नळीला पुन्हा जंतू धरायची भीती. ह्यांनी विचारलं, दोरा कोणता वापरता? त्या हसल्या. मी बाहेर जाऊन रडले. तुम्ही याच.

तुमच्या वाटेकडे डोळे लावलेली,
भावजय

२ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू परत गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी सहा आठवड्यांची इंजेक्शनं संपली. नव्या स्कॅनमध्ये जोड पक्का आहे, रक्त स्वच्छ. गोळ्या अजून काही महिने. मांडी सुजते, पण चालतो.

काल पहिल्यांदा जिना उतरून बाकावर उन्हात बसलो. तुझ्या भावजयीने माझ्यासाठी संत्रं सोललं आणि बोलता बोलता सगळं स्वतःच खाऊन टाकलं. दोन महिन्यांत तिला असं चवीने खाताना पाहिलं नव्हतं. मी दुसरं संत्रं तिच्यापुढे सरकवलं.

तुझ्या मायेत राहू दे.

धाकटा