टॉवेलाखालची करंगळी

शहापूर,
२ जानेवारी २००६

प्रिय प्रशांत,

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली. आपल्या लग्नाच्या सुपारीच्या दिवशी तुझे पांडूकाका बाबांवर रागावले, असं मी लिहिलं होतं. ते रागावले नव्हते. रागवायला समोरचा माणूस निदान बरोबरीचा वाटावा लागतो. पायाला शेण लागल्यावर करतात तसं त्यांचं तोंड झालं होतं. ती किळस होती. चेहरे ओळखण्यात तरी मी चुकायला नको होतं. घरात पहिली शिकवणी मला त्याचीच मिळाली.

बाबांचा आजार आजीकडून आलेला. मूठ आवळली की लवकर सुटत नाही, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, तोंडावर हसू-रडू उमटत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. हसरे सगळे ओळखले. रागावलेल्या माणसाला म्हणाले, "याला झोप आलीय." नाक मुरडणाऱ्या बाईला म्हणाले, "ही बरी हाय." डॉक्टर म्हणाले, हाही आजाराचाच भाग, दुसऱ्याचा राग, किळस त्यांना ओळखू येत नाही, पण मन शाबूत आहे.

आईला हे डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हसाच्या जत्रेत बैलाचा भाव टॉवेलाखाली बोटं दाबून ठरतो, तिथूनच तिनं युक्ती उचलली. चार माणसांत मी बाबांशेजारी बसायचे, टॉवेलाखाली त्यांचा हात धरून. तर्जनी दाबली की समोरचा चिडलाय, बोलणं थांबवा. करंगळी दाबली की ही माणसं आपली नाहीत, उठा. बाबांनी कधी 'का' म्हणून विचारलं नाही. उठायचे.

सुपारीला मी नवरी, आतल्या खोलीत. म्हणून तुला बोटं शिकवून बाबांशेजारी बसवलं. दाराच्या फटीतून मी बघत होते. बाबांनी पांडूकाकांचा हात हातात घेतला आणि तो सुटेना. काकांनी तोंड वाकडं केलं, मग पापण्या पाडून बाबांची नक्कल केली. "सोड रं काळूराम, बैल नाय मी." सगळे हसले. तुझा हात टॉवेलाखाली नव्हताच. तो तोंडावर रुमाल धरण्यात गुंतला होता, कारण तुलाही हसू आवरत नव्हतं.

संध्याकाळी बाबा आईला सांगत होते, "पावणे लय खूश होते गो. माझ्याकडंच बघून हसत होते."

मी विचारलं तर तुझं उत्तर आलं: त्यांना कुठं कळलं, मग दुखावले कुठं? बी.ए. झालेल्या माणसाचा हा शोध. आंधळ्याच्या ताटात माती कालवायची आणि म्हणायचं, त्याला कुठं दिसली. काकांना मी एक वेळ सोडेन; त्यांना आजाराचं माहीत नव्हतं, अक्कलही बेताची. तुला सगळं माहीत होतं. माझी तपासणी अजून बाकी आहे, हेसुद्धा मी तुझ्यापासून लपवलं नव्हतं. उद्या माझ्याही पापण्या उतरल्या, तर तुझा रुमाल कुठं असेल ते मला आताच दिसलं.

तुझ्यावर अन्याय नको म्हणून हे पत्र फाडून पुन्हा लिहिलं. तरी तेच उतरलं. जत्रेला तुमचं सगळं घर बैलबाजारात असतं. मी बाबांना घेऊन तिथं येणार आहे. सुपारीची साडी आणि अंगठी तुझ्या आईच्या हातात देईन. तुम्ही 'बसा' म्हणालात तर बाबा बसतील, तुमच्याकडे बघून मान डोलावतील. मी शेजारी असेन, टॉवेलाखाली त्यांचा हात धरून. करंगळी दाबेन, पौष पौर्णिमेला, शनिवारी, चौदा जानेवारीला.

बाबांचीच,
समीक्षा