दादाच्या मापाची मागची सीट

तीर्थरूप दादांना धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (घातला असं समजावं. प्रत्यक्ष घालता येत नाही, कंबर धरली आहे, आणि ती कोणापायी धरली ते पुढे येईलच.) आपली प्रकृती ठीक असावी. वहिनींची दातदुखी, मुलांच्या नोकऱ्या, गच्चीची गळती, सगळं मार्गी लागलं असेल अशी आशा करते. आपल्या पांढऱ्या पँटीची प्रकृती कशी आहे? डाग निघाला का? नसेल निघाला तर राहू द्यावा, मला त्यात आनंदच आहे. आपण फोन उचलत नाही आणि वहिनींना 'ते बाथरूममध्ये आहेत' असं सांगायला लावता (आठवडाभर माणूस बाथरूममध्ये असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यावं), म्हणून हे पत्र. अहो-जाहो मला इथपर्यंतच जमलं. यापुढे तू.

मुद्दा तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण विसरल्याचं सोंग तुझ्याइतकं छान कोणी करत नाही. आक्का वाट बघतेय. आई गेल्यावर जिनं माझ्या वेण्या घातल्या, तुझा नापासाचा निकाल बाबांपासून लपवला, आपल्या दोघांची भांडणं सोडवता सोडवता जिचं स्वतःचं लग्न लांबलं, ती आपली आक्का. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर तिला अंगणापलीकडे जाता येत नाही आणि दर फोनला ती एकच विचारते, दोघं मिळून कधी येताय? दोघं मिळून! मी एकटी गेले तर दार उघडते, हसते आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहते, की हा पण आलाय का. मला किती राग येतो सांगू? तिचा नाही, तुझा. बसमध्ये तुला उलट्या होतात, कारमध्ये तर दार लावायच्या आत होतात, आणि आक्काच्या गावाला, डोंगरापलीकडे, रेल्वे जात नाही. मोकळ्या वाऱ्यातली मोटारसायकल तेवढी तुला सोसते. पण नजर कमी झाल्यावर डॉक्टरांनी तुला गाडी चालवायची बंदी केली. मग राहिलं काय? माझी मोटारसायकल, पुढे मी, मागे तू. सरळ गोष्ट आहे. त्यावर गेली दोन वर्षं तुझं एकच पालुपद: 'तुझी मागची सीट फार टोचते गं, एवढा लांबचा पल्ला झेपायचा नाही. सीटचं काहीतरी कर, मग येतो.'

केलं. काहीतरी केलं! तू तिकडे आरामखुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होतास आणि इकडे शेळी मी होते. आधी तू म्हणालास, घोंगडीची चौपदरी घडी घालून दोरीनं बांध. बांधली. चाचणीला तुझे मेहुणे मागे बसवले. (बिचारे लग्नापासून माझ्या सगळ्या चाचण्यांना बसत आलेत.) गाडीवर बोलायची मला सवय आहे हे तुला माहीत आहेच. मी तुझ्याबद्दल बोलायला लागले, आणि विषय मोठा असल्यामुळे पेट्रोल पंपापर्यंत बोलत गेले. आज हे मधे बोलत नाहीत, माझं म्हणणं शांतपणे ऐकतायत, संसारात कधी नव्हे ते सुख, असं मनात आलं. पंपावर उतरून बघते तर मागे माणूसही नाही आणि घोंगडीही नाही. सिग्नलला हिरवा दिवा लागला तेव्हा मी सुटले आणि ते घोंगडीसकट मागच्या मागे घसरले होते. परत गेले तर चौकात, दुभाजकावर, घोंगडी खांद्यावर घेऊन उभे. त्यांनी मला एकच विचारलं, 'कुठवर बोललीस?' त्यांना लागलं नाही हे खरं, पण माझं तेवढं सगळं बोलणं फुकट गेलं, ते कोण भरून देणार?

मग तुझी दुसरी सूचना, हवेची उशी. मूळव्याधीच्या लोकांना देतात तसली, मधे भोक असलेली. औषधाच्या दुकानात मला ती मागावी लागली आणि दुकानदारानं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर अगदी आपुलकीनं चौकशी केली. मी म्हटलं भावासाठी हवी आहे. तर म्हणे, 'लाजू नका, सगळे असंच सांगतात.' हा अपमानही तुझ्याच खाती. तोंडानं फुगवता फुगवता तुझ्या मेहुण्यांना घेरी आली. त्यात भर दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं, हवा तापली आणि उशी आपणहून फुगत गेली. आरशात बघते तर हे हळूहळू वर चाललेत. आधी आरशात चेहरा दिसत होता, मग शर्ट दिसायला लागला, मग पट्टा. बँकेसमोरच्या गतिरोधकावर ती फुटली. असा आवाज झाला की बँकेचा पहारेकरी बंदूक घेऊन धावत बाहेर आला आणि आम्हाला दोघांना हात वर करून उभं केलं. घसरणं परवडलं असं तुझ्या मेहुण्यांनी तिथंच जाहीर केलं. कंबर माझी धरली ती त्याच वेळी. उशी फुटल्यावर ते एकदम खाली आले आणि येताना आधाराला माझ्यावर आले.

एवढं झालं तरी मी हरले नाही. मी गेले सीटवाल्याकडे. हा माणूस म्हणजे एक नमुना आहे. फोम कापून देतो, रेक्झिन शिवून देतो, पण माप टेपनं घेत नाही. मऊ चिखल भरलेला लाकडी ट्रे ठेवतो, त्यात बसणाऱ्याचा ठसा घेतो आणि त्या ठशाबरहुकूम फोम कोरतो. इथवर ठीक. पण त्याचा हट्ट असा की बसणारा बेसावध हवा. माप देतोय हे कळलं की माणूस फोटो काढायला बसल्यासारखा ताठ होतो आणि सगळं माप फुकट जातं, असं त्याचं म्हणणं. मी हुज्जत घातली, तर त्यानं मला 'तुम्ही आत्ता ताठ बसला आहात' एवढंच ऐकवलं आणि शिलाई मशीन सुरू केलं. मशीनच्या आवाजात भांडता येत नाही, म्हणून त्या दिवशी मी घरी आले.

आणि मग तू डोळे तपासायला रेल्वेनं आमच्याकडे आलास. परत जाताना फक्त सीटचं कव्हर घ्यायला दुकानात डोकावू म्हटलं तर तू शिरलास आणि कोणाला न विचारता, न बघता बाकावर टेकलास. अरे, बाकावर पोतं घातलंय, पोत्याखाली काहीतरी आहे, एवढं तरी माणसानं चाचपावं! तो ट्रे दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी होता. कोणा फौजदारासाठी. तू त्यावर पेपर वाचत, मान डोलवत, ऐसपैस बसलास आणि उठलास तेव्हा पांढऱ्या पँटीचं जे झालं ते झालं. त्यावर भर दुकानात माझ्यावर ओरडलास! मी काय केलं होतं? पेपर मागे धरून रस्त्यानं तरातरा निघून गेलास, आणि तेव्हापासून बाथरूममध्ये आहेस.

सीटवाला मात्र खूश. इतका बेसावध ठसा मला आजवर मिळाला नव्हता, म्हणाला. आणि मला न विचारता त्यानं त्या ठशावरूनच सीट केली. आता ती माझ्या गाडीवर बसलीय आणि जगात तिच्यावर दुसरं कोणी बसू शकत नाही. तू मागच्या उजव्या खिशात ते जाडजूड पाकीट ठेवून बसतोस (आत जुन्या पावत्यांखेरीज काही नसतं), त्यामुळे उजवीकडे पाकिटाचा चौकोनी खड्डा आहे, आणि तू डावीकडे कलून बसतोस तशी सगळी सीट डावीकडे कललेली. तुझे मेहुणे बसले तर तेही डावीकडे कलले, त्यांच्याबरोबर गाडी कलली, आणि आम्ही सरळ जायचं सोडून डावीकडच्या बोळात शिरून कोणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीतून बाहेर पडलो. आता ते मागे बसायला साफ नाही म्हणतात. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्यांची गत झालीय.

तेव्हा दादा, आता नीट ऐक. नाचता येईना अंगण वाकडं, हे तुझं दोन वर्षं चाललंय. आता अंगण तुझ्याच मापानं वाकडं करून दिलंय. घोडं कुठं पेंड खातंय ते मला पहिल्या दिवसापासून कळतंय. तुला सीट टोचत नाही. तुला बहीण पुढे आणि आपण मागे हे टोचतं. लोक काय म्हणतील! लोक काही म्हणत नाहीत रे, लोक हेल्मेट शोधत असतात, पोरांना शाळेत सोडत असतात. आक्काला तिकडे दिवसभर रस्त्याकडे बघत बसावं लागतं, त्यापेक्षा तुझा तोरा मोठा का? मला फार राग आलाय आणि तो तू आल्याशिवाय जायचा नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
(अजून बोलत असलेली) धाकटी बहीण

ता. क. वरचं सगळं खरं आहे, एक सोडून. फौजदार कोणी नव्हता. बाकावर ट्रे मीच ठेवला, पोतं मीच पसरलं, आणि पेपर मीच विकत आणून तुझ्या हातात दिला, तोही शब्दकोड्याचा, कारण शब्दकोडं हातात असलं की घराला आग लागली तरी तू हलत नाहीस. चिखल इतका ओला असेल हे मात्र मला खरंच माहीत नव्हतं. पँटीबद्दल माफ कर. बाकी कशाबद्दल नाही.

ता. क. २. आक्काला फोन करून सांगितलंय की रविवारी आम्ही दोघं येतोय. तिनं दोनदा विचारलं, 'दोघं ना?' मी दोनदा हो म्हटलं. आता मला खोटं पाडायचं का ते तू ठरव.

ता. क. ३. त्या सीटवर आडवा एक जाड पट्टा शिवून घेतलाय, दोन्ही हातांनी धरता येईल असा. माझी कंबर धरायची नाही, खांदा धरायचा नाही, नुसता पट्टा. लांबून बघणाऱ्याला वाटेल तू आपला हात मांडीवर ठेवून आरामात चाललायस. लहानपणी मला सायकल शिकवताना मागून सीट धरून पळत होतास, सोडणार नाही म्हणालास आणि गटारापाशी सोडलीस. मी तुला कुठे सोडणार नाही. पट्टा धर आणि चल. आणि काळी पँट घालून ये.