रायमोसाठी बिनआवाजी कॉम्प्युटर

१८ जानेवारी, शनिवार

रायमोला कॉम्प्युटर हवाय. तयार नको — "सुटे भाग आणून, तू जोडलेला." आठशे युरोंत सगळं.

आई सप्टेंबरमध्ये गेली. त्यानंतर तिच्या नवऱ्याचा, रायमोचा, हा दुसरा फोन. पहिला थडग्याच्या दगडाबद्दल होता. कॉम्प्युटरला हो म्हटलं, आईसाठी. मी अकरा वर्षांची असताना तो घरात आला. बाप म्हणावं असं आमच्यात काही झालं नाही, भांडणही नाही. शनिवारी तिकडे जायचे ती आईकडे. हा कॉम्प्युटर जोडून दिला की जायला कारण उरणार नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर गोंधळ नको.

२१ जानेवारी

फोनवर गरजा विचारून घेतल्या. तो स्वयंपाकघराच्या खिडकीला माइक लावून तळ्यावरच्या पक्ष्यांचे आवाज मुद्रित करतो. हे माहीत होतं. किती तास, हे माहीत नव्हतं — ९४०! जुना कॉम्प्युटर इतका घरघरतो की मुद्रणात घुबड कुठलं आणि पंखा कुठला, कळत नाही.

तेव्हा: आवाज जवळजवळ शून्य. मेमरी भरपूर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, प्रोसेसरमध्ये आहे तेवढं पुरे. कॅबिनेट लहान, खिडकीखालच्या फळीवर मावेल असं.

मुदत: एप्रिलचा मध्य. बर्फ फुटला की कुईक्का, तो लांब साद घालणारा पाणपक्षी, तळ्यावर परततो. त्याची पहिली साद पकडायची आहे. "गेल्या वर्षीची हुकली," म्हणाला. गेल्या एप्रिलमध्ये तो आईजवळ हॉस्पिटलमध्ये होता.

१ फेब्रुवारी, शनिवार

९.१० ची बस. टेबलावर यादी घेऊन तीन तास बसलो.

"ह्या डब्यात लाल-निळे दिवे कशाला?"

"शोभेला. हवेत?"

"मी काय डिस्को काढतोय?"

पंख्यावर मी बत्तीस युरो लावले, त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आणला. त्याला पटलं. पटलं की तो नाकातून हुं करतो. ऑर्डर स्वतः देणार म्हणाला. "पैसे माझे, चुका माझ्या."

शनिवार, म्हणून साउना, वाफेची न्हाणी, तापवलेला होता. थांबले. नंतर सॉसेज आणि मोहरीची चटणी. सहाची बस गेली. आठची घेतली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याला थंड ठेवणारा कूलर आले. पेस्ट लावली, कूलर ठेवणार, एवढ्यात टेबलापलीकडून, कॉफी ढवळत —

"इंजिनियरबाई, ते प्लास्टिक तसंच ठेवायचं असतं का?"

कूलरच्या तळाला पारदर्शक पापुद्रा. काढायचा राहिला होता. मी! पहिल्या वर्षाची पोरं करतात ती चूक! तसाच बसवला असता तर प्रोसेसर तापून बंद पडत राहिला असता.

चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. दोन हजार तारांतली चुकीची तार दारातून ओळखायचा, असं आई सांगायची. मला ती अतिशयोक्ती वाटायची.

मेमरी आलेली नाही.

१ मार्च, शनिवार

मेमरी आली. चुकीची. मागच्या पिढीची, खाच जुळत नाही. डब्यावर ठळक ४. माझ्या यादीत ५, खाली दोन रेघा.

"म्हातारा झालो बघ."

"एकोणसत्तर म्हणजे म्हातारा नाही."

"परत पाठवतो. पुढच्या शनिवारी येशील?"

८ मार्च, शनिवार

मेमरी नाही. तरी गेले. घुबड ऐकवलं. दोन किलोमीटरवरचं, म्हणाला. मला फक्त खरखर ऐकू आली. तसं सांगितलं तर खूश झाला.

१५ मार्च, शनिवार

आता पॉवर सप्लाय! मोठ्या मापाचा मागवला. लहान कॅबिनेटमध्ये तो बसणं शक्य नाही.

"यादी वाचतोस की नाही?"

"वाचतो की."

"मग?"

"चष्मा बदलायला झालाय."

आणि तासाभराने तळ्यापलीकडच्या बर्चच्या झाडावर बसलेला सुतारपक्षी मला दाखवला. चष्म्याशिवाय. राग आला. मुदत त्याची आहे, माझी नाही. पॉवर सप्लाय मीच मागवणार.

२९ मार्च, शनिवार

पॉवर सप्लाय नेला, बसवला. मेमरी "वाटेत आहे".

साउनाबाहेरच्या खोलीत टॉवेल काढायला कपाट उघडलं. टॉवेलांच्या खाली एक डबा. मेमरी. बत्तीस जीबी, ठळक ५. पावती ३ फेब्रुवारीची, म्हणजे यादी दिल्यावर दोन दिवसांनी. बरोबर ती आधी आणली. चुकीची नंतर. मुद्दाम.

बाकावर बसून राहिले, पाय गार पडेपर्यंत. कुईक्का पुन्हा हुकला असता. त्याला ते चाललं असतं.

डबा होता तसा ठेवला.

"सापडला का टॉवेल?" आतून ओरडला.

"सापडला."

६ एप्रिल

रायमोचा मेसेज: काठाचा बर्फ सुटलाय. मेमरीबद्दल अक्षर नाही.

१२ एप्रिल, शनिवार

तो लाकडं आणायला गेला. मी कपाटातून डबा काढला, दोन्ही पट्ट्या बसवल्या. टक. टक. बटण दाबलं, पडदा उजळला.

तो आला, हातात ओंडके. पडद्याकडे पाहिलं. रिकाम्या डब्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. ओंडके एकेक करून खाली ठेवले. इतके सावकाश की मी मोजले: सात.

"झाला तर," म्हणाला. "मग आता शनिवार मोकळे तुझे."

"नाही झाला. पंखा आवाज करतोय. दुसरा मागवावा लागेल."

तो गुडघ्यांवर बसला, कान कॅबिनेटला लावला. बराच वेळ. दोन किलोमीटरवरचं घुबड ऐकणारा माणूस.

"हो," म्हणाला. "भयंकर."

१९ एप्रिल, शनिवार

काल पहाटे ४.५२ ला कुईक्का ओरडला. रायमोने मुद्रण पाठवलं. हेडफोन लावून चार वेळा ऐकलं. पंखा कुठेही ऐकू येत नाही.

दुसरा मागवलेला नाही. सॉसेज घेतलेत. ९.१० ची बस.